नाकाला ऐंशी किलो

छकुली हे काही घरातलं लाडाचं नाव नव्हे, आधार कार्डावर छापलेलं नाव आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वय चोवीस, उंची पाच फूट सात इंच, आणि आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचं कुत्रं उठून उभं राहायचं. निमगाव केतकीच्या अलीकडं वस्तीवर राहायची, रोज इंदापुरात तहसील कचेरीसमोरच्या एका दुकानात लोकांचे दाखल्याचे अर्ज भरून द्यायची, आणि रविवार उजाडला की बारामती गाठून गाड्यांच्या शर्यती खेळायची. खऱ्या नव्हेत, पडद्यावरच्या. पण असं कुणी म्हटलं की बाई खवळायची. "पडद्यावरच्या म्हंजी खोट्या का? घाम तर खराच येतोय की," म्हणायची.

बारामतीत भिगवण रोडला तौसिफचं गेमिंगचं दुकान. चार सीट, प्रत्येक सीटला स्टेअरिंग, पायाशी पेडल, समोर भलामोठा पडदा. तौसिफ पस्तिशीचा माणूस, बोलायला मऊ आणि नियमाला कडक. त्या वर्षी पुण्यात चौघांच्या टीमची मोठी स्पर्धा होती आणि तौसिफच्या दुकानातून एक टीम जाणार होती. तीन जागा कधीच ठरल्या होत्या, एक युवराजची आणि दोन युवराजच्या दोस्तांच्या. चौथ्या जागेला दोघं उरले. एक युवराजचा मावसभाऊ दीपक, आणि दुसरी छकुली. पुढच्या रविवारी दोघांची सहा फेऱ्यांची शर्यत लावायची, जिंकेल तो पुण्याला जाईल, असं तौसिफनं जाहीर करून टाकलं.

आता या शर्यतीचा कायदा एवढाच. गेम प्रत्येक गाडीला पॉइंट देतो. इंजिन वाढवलं की पॉइंट वाढले, टायर भारी टाकले की पॉइंट वाढले, गाडी हलकी केली की अजून वाढले. पाचशेच्या वर गेलात तर गाडी शर्यतीत उतरतच नाही. म्हणजे ताट पाचशेचंच, त्यात काय वाढून घ्यायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

आणि छकुलीची गाडी म्हणाल तर, गेम सुरू केल्यावर सगळ्यांना पहिली फुकट मिळते ती. पांढरी, बुटकी, साऱ्या गेममध्ये सगळ्यात हळू. लोक दुसऱ्याच दिवशी ती विकून मोकळे होतात. छकुलीनं मात्र दोन वर्षं तीच ठेवली होती. युवराज तिला छकडा म्हणायचा. तो हसला की त्याचे दोस्त हसायचे, आणि दोस्त हसले की सगळं दुकान हसायचं.

"ऐक, तुझ्या भल्याचं सांगतो," त्या दिवशी युवराज म्हणाला. खुर्ची उलटी करून बसला होता, जसं काही दुकान त्याच्या आज्यानं बांधलंय. "माझी एक जुनी गाडी देतो तुला. सगळं सेटिंग माझं हाय. नुसती बस आन दाब. त्या छकड्यानं दीपकच्या मागची धूळ बी दिसायची न्हाय तुला."

"मला न्हाय पायजे."

"अगं, बारामतीची टीम हाय ही. तुमी इंदापूरची माणसं, तुमाला सगळं हळूच आवडतंय. पण पुण्यात जाऊन आमचं हसं कशाला?"

छकुलीच्या डोक्यात सणक गेली. "तुझी गाडी घेतली तर तुझ्यासारखीच चालवाया लागंल. मग मी कशाला? तूच दोन सीटवर बस की!"

दीपक फिसकन हसला आणि युवराजनं डोळे वटारल्यावर गप्प झाला. पोरगा वाईट नव्हता. पण त्याची गाडी, त्याचे गिअर, त्याचे टायर, सगळं युवराजनं लावून दिलेलं. तिथल्या सगळ्यांचंच तसं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या चौथ्या जागेचं? तर ते सांगायलाच पाहिजे. दोन वर्षं छकुली दर रविवारी त्या दुकानात येत होती. आणि अजूनही एखादा नवा माणूस दारातून आत आला की तिच्याकडं बघून विचारायचा, "ताई, कुणाची वाट बघताय?" भावाची बहीण, कुणाची तरी मैत्रीण, काहीही असेल, पण ही स्वतः खेळायला आली असेल असं एकाच्याही डोक्यात यायचं नाही. तौसिफच्या भिंतीवर टीमचा फोटो लागायचा होता. त्या फोटोत आपण असलो की हा प्रश्न बंद होईल, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते तिला फार पाहिजे होतं.

सोमवारी कामावरून आल्या आल्या तिनं घरचा टीव्ही ताब्यात घेतला. सेकंड हँड गेम, स्टेअरिंग-पेडलसकट, तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेला, त्यामुळं कुणाची बोलायची टाप नव्हती. आई, कुशाबाई, चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आज बातम्या न्हाईत वाटतं."

"आठवडाभर न्हाईत," छकुली म्हणाली.

पहिल्यांदा तिनं तेच केलं जे सगळे करतात. मोठं इंजिन टाकलं, वर टर्बो टाकला, मागची सीट, डिकीतलं सामान, जे जे काढता येईल ते काढून गाडी कागदासारखी हलकी केली. पॉइंट झाले चारशे सत्त्याण्णव. सरळ रस्त्याला गाडी अशी सुटली की छकुली खुर्चीतच ओरडली. आणि मग वळण आलं. शर्यतीसाठी ठरलेला ट्रॅक घाटातला होता, एकामागून एक वळणं. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायची, धूर निघायचा आणि गाडी तिथंच. टायर चांगले टाकावेत तर पॉइंट शिल्लक नाहीत. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. बुधवारी संध्याकाळी तिनं टाइम बघितला तर काही न करता, जशी मिळाली तशी गाडी जेवढा वेळ घेत होती, त्यापेक्षा दोन सेकंद जास्त लागले होते.

"मसणात जाऊ दे ही गाडी!" तिनं रिमोट गादीवर आपटला.

बाप, सोपान, दारात पाय पसरून चहा पीत बसला होता. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर हाकणारा माणूस, वीस वर्षं माळेगावच्या कारखान्याला ऊस घातलेला. तीन दिवस तो लेकीचा खेळ तिरक्या नजरेनं बघत होता.

"काय झालं गं?"

"पुढची चाकं धरत न्हाईत, तात्या. नुसती फिरत्यात."

"गाडी पुढनं ओढती का मागनं?"

"पुढनं."

"आन पुढं वजन किती हाय?"

"वजन काढून टाकलंय की. शर्यतीला हलकीच गाडी लागती. सगळी तसंच करत्यात."

सोपाननं बशी खाली ठेवली आणि लेकीकडं बघितलं, लहानपणी ती शाळेत न जाता बोरं खायला गेली की बघायचा, अगदी तसंच. "सगळी करत्यात म्हणून तू बी केलंस. आगं, कॅनॉलचा चढ इसरलीस व्हय?"

छकुलीचे कान लाल झाले. विसरेल कशी! चार वर्षांपूर्वी सोपानचा हात मोडला होता आणि दोन हंगाम ट्रॅक्टर तिनं हाकला होता. पहिल्याच खेपेला तिनं शहाणपणा केला होता. ट्रॅक्टरच्या नाकाला लोखंडी वजनं अडकवलेली असतात. तिला वाटलं, आधीच मागं एवढा ऊस, त्यात हे ओझं कशाला? ती वजनं काढून तिनं गोठ्यात ठेवली. कॅनॉलच्या पुलाला चढ लागला, मागून दोन भरलेल्या ट्रॉल्यांनी खेचलं आणि ट्रॅक्टरचं नाक हवेत. स्टेअरिंग फिरवतेय तर पुढची चाकं जमिनीलाच नाहीत. ट्रॅक्टर सरळ कॅनॉलच्या कडेला निघालेला. ऊसतोडीची दोन माणसं धावत येऊन बॉनेटवर चढून बसली, तेव्हा कुठं चाकं टेकली आणि बाई वाचली. गळ्यात हात बांधलेल्या सोपाननं त्या दिवशी तिला शिवी सुद्धा दिली नव्हती. एवढंच म्हणाला होता, "चाक टेकलं तरच गाडी आपली."

ती उठली आणि रिमोट परत हातात घेतला. सेटिंगच्या यादीत अगदी तळाला एक गोष्ट होती, जिला तौसिफच्या दुकानात आजवर कुणी हात लावला नव्हता. गाडीत जादा वजन टाकायचं. किती टाकायचं आणि पुढं टाकायचं का मागं, तेही ठरवता यायचं. छकुलीनं ऐंशी किलो टाकलं, सगळंच्या सगळं नाकाला.

आणि गंमत बघा. पॉइंट एकदम खाली आले! गेमला वाटलं, बाईचं डोकं फिरलं, गाडी जड केली, आता ही हळू पळणार. म्हणून त्यानं आपण होऊन पॉइंट माघारी दिले. छकुलीनं ते बघितलं आणि टाळीच वाजवली. टर्बो काढून फेकला, अजून पॉइंट आले. त्या सगळ्या पॉइंटांत सगळ्यात भारी, रस्त्याला चिकटून बसणारे टायर घेतले. सरळ रस्त्याला कितीही हळू पळू दे बापडी, आपल्याला वळणं मारायचीत, असं म्हणत गिअर आखूड केले. नाक जड झालं म्हणून गाडी वळायला कुरकुर करायला लागली, तर मागच्या स्प्रिंगा कडक केल्या, म्हणजे मागची बाजू आपसूक फिरायला लागली. आता एकच गोष्ट शिकायची उरली. जड नाकाच्या गाडीला ब्रेक लवकर मारायचा आणि हळू सोडायचा. भरल्या ट्रॉल्या घेऊन उतारावरून येताना मारतात ना, अगदी तसा. तो पाय तिला येत होता. दोन हंगाम तोच तर मारला होता.

शनिवारी संध्याकाळी टाइम साडेतीन सेकंदांनी खाली आला आणि छकुली अशी किंचाळली की कुशाबाई काठी घेऊन धावत आली. "काय गं, साप निघाला का?"

"न्हाय आये! गाडी टेकली!"

"आता ही काय म्हंती, बघा ओ जरा," कुशाबाई नवऱ्याला म्हणाली. सोपान मिशीत हसत होता हे तिनं बघितलं.

रविवारी दुकान भरलं होतं. शर्यतीआधी दोघांच्या गाड्यांचं सेटिंग मोठ्या पडद्यावर दाखवायचं, हा तौसिफचा नियम, म्हणजे मागाहून कुणी कुणावर बोट ठेवायला नको. दीपकची लाल गाडी आली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग छकुलीची पांढरी आली. युवराज सेटिंगची यादी वाचत वाचत तळाला पोचला आणि थांबला.

"वजन? अरे, हिनं वजन टाकलंय! ऐंशी किलो!" तो गुडघ्यावर थापा मारून हसायला लागला. "रेसच्या गाडीत वजन! ऊस भरलाय का काय गं?"

"व्हय, भरलाय," छकुली सीटवर बसत म्हणाली. "काट्यावर घालून वजन बघायचंय का?"

दुकान हसलं. पण या खेपेला हसू युवराजच्या बाजूचं नव्हतं, ते त्यालाही समजलं.

पहिल्या फेरीत लाल गाडी सरळ रस्त्याला अशी गेली की छकुलीला तिचे मागचे दिवेच दिसले. पण पहिली चार वळणं गेली आणि दिवे मोठे दिसायला लागले. सरळ रस्ता आला की दीपक पुढं, वळणं आली की छकुली त्याच्या बुडाला. दुसरी फेरी तशीच, तिसरी तशीच. चौथ्या फेरीपर्यंत दीपक सारखा मागचं दाखवणारा आरसा बघायला लागला, आणि जो आरसा बघतो त्याचं वळण चुकतं. पाचव्या फेरीत त्याचा ब्रेक उशिरा लागला. छकुली आतल्या बाजूनं घुसली.

"सोडू नको तिला! ठोक!" युवराज ओरडला.

शेवटच्या फेरीला, घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर, दीपकनं खरंच ठोस दिली. हलकी गाडी असती तर भिरभिरत दरीत गेली असती. छकुलीची हलली, कुरकुरली आणि जागेवरच राहिली. उलट दीपकची लाल गाडीच धडकेनं आडवी झाली आणि वाळूत जाऊन बसली. छकुली एकटीच शेवटच्या रेषेवरून गेली. तिनं स्टेअरिंग सोडलं तेव्हा तिच्या तळहाताला घाम सुटला होता. जिंकले, जिंकले मी, असं तिला मोठ्यानं ओरडायचं होतं, पण तिनं नुसता डोक्यावरचा हेडफोन काढला.

दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. तौसिफनं सगळ्यांत मोठ्यांदा वाजवल्या. "जागा छकुलीताईंची," तो म्हणाला आणि कागद पुढं ओढला.

"थांबा, तौसिफभाई." युवराज उठला. चेहरा हसरा ठेवला होता, पण आवाज चढला होता. "जिंकली, मान्य. गाडी बी जिंकली. पण जरा इचार करा. पुण्याला दोन दिवस मुक्काम हाय. पोरीच्या जातीला घरचं पाठवत्याल का? ऐनवेळी न्हाय म्हणली तर टीम बसली ना बोंबलत? त्यापरास असं करू. हिनं सेटिंग दीपकला द्यायचं. तीच गाडी दीपक चालवील. आन हिचं नाव राखीवमध्ये टाकू. नाव ऱ्हाईल की तिचं बी."

छकुलीचा संताप इतका झाला होता की शब्दच एकमेकांवर पडत होते. गाडी पाहिजे, सेटिंग पाहिजे, आणि जिनं ते केलं ती नको! तिच्या जागी दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा दार आपटून निघून गेली असती. छकुली तशी नव्हती. तिनं सीटवरून उठून दीपकला हात केला.

"ये. बस."

"आं?" दीपक गडबडला.

"बस म्हंती ना. हे सेटिंग, ही गाडी. घे. माझा टाइम गाठ, मग मी राखीव काय, घरी बसते. तौसिफभाई, तुमी साक्षीला."

दीपक बसला. पहिल्याच वळणाला त्यानं सवयीनं ब्रेक उशिरा मारला. नाकातले ऐंशी किलो सरळ निघाले ते थेट वाळूत. दुसऱ्यांदा लवकर मारला, पण झटक्यात सोडला, गाडी गोल फिरली. तिसऱ्यांदा कशीबशी फेरी पुरी केली, तर छकुलीच्या टाइमपेक्षा नऊ सेकंद जास्त. दीपक उठला, कपाळ पुसलं आणि सरळ म्हणाला, "मला न्हाय जमायचं, दादा. ही गाडी लई येगळी हाय."

"सर बाजूला," युवराज म्हणाला आणि स्वतः बसला.

आता सगळं दुकान त्या सीटभोवती आलं. युवराज खेळायला हुशार होता, त्यात वाद नाही. दोन वळणं त्यानं बरी काढली. तिसऱ्याला हलक्या गाडीसारखी आत घातली आणि गाडी कठड्यावर. परत सुरुवात. परत कठडा. पाचव्यांदा त्यानं पेडलवर लाथ मारल्यासारखा पाय मारला आणि पांढरी गाडी निवांत वाळूत जाऊन थांबली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "छकडा ऐकंना व्हय?" आणि या वेळेला कुणीच हसू दाबलं नाही.

युवराज पडद्यावरची नजर न काढताच बोलला, "ब्रेक कधी मारतीस गं?"

"पुण्याला चल, शिकवते," छकुली म्हणाली. "आधी जागेचं बोल."

युवराज उठला. घसा खाकरला. "लिवा, तौसिफभाई. चौथी जागा हिची."

तौसिफनं पेन उघडलं आणि छकुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं. मग विचारलं, "आणि राखीवमध्ये?"

"दीपकचं टाका," छकुली म्हणाली. बॅग खांद्याला लावून ती दारापाशी पोचली होती. तिथं थांबून ती युवराजकडं वळली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलली, "पण दोन दिवस मुक्काम हाय म्हणं. त्याला घरचं पाठवत्याल का, तेवढं मातुर इचारून घ्या."